मेंदूचं चित्र कुणाच्या तुलनेत?

मंत्रपठणाने मेंदू वाढतो, असं सांगणारा एक मजकूर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर श्रावणात न चुकता येतो. सोबत चित्र असतं. राखाडी मेंदू, त्यावर लाल-पिवळे ठिपके आणि खाली ‘एमआरआयने सिद्ध झालेलं सत्य’. मी पुण्यातल्या एका तपासणी केंद्रात एमआरआय तंत्रज्ञ आहे. त्यामुळे मजकूर आला की आत्यापासून भाच्यापर्यंत सगळे मलाच विचारतात, ‘खरं का गं हे?’ या प्रश्नाला हो म्हटलं तरी चूक आणि नाही म्हटलं तरी चूक. उत्तर जरा लांबीचं आहे आणि ते आमच्या घरापुरतं ठेवावं असं मला वाटत नाही.

ज्या अभ्यासावर हा मजकूर उभा आहे तो खरा आहे. जेम्स हार्टझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१६ साली ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्कॅन हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झाले. लहानपणापासून शुक्ल यजुर्वेदाचं पाठांतर केलेले २१ पंडित एका बाजूला आणि त्यांच्याशी वय वगैरे जुळणारी २१ माणसं दुसऱ्या बाजूला. पंडितांच्या मेंदूत दोन्ही गोलार्धांतल्या बऱ्याच भागांमध्ये ग्रे मॅटर दहा टक्क्यांहून अधिक भरलं. आठवणी साठवण्याशी ज्याचा जवळचा संबंध आहे त्या हिप्पोकॅम्पसमध्येही, विशेषतः उजव्या बाजूला, फरक दिसला. सुमारे ४०,००० शब्दांची संहिता स्वरांसकट, एक अक्षर न ढळता म्हणणं हे वर्षानुवर्षांच्या मेहनतीचं काम आहे. त्या माणसांच्या मेंदूत काही वेगळं दिसलं याचा मला आनंदच आहे.

पण दोन गट एकदाच स्कॅन केले की हाती लागतो तो फरक. तो कशामुळे पडला, हे त्या चित्रात नसतं. पाठांतराने मेंदू असा घडला? की ज्या मुलांची स्मरणशक्ती मुळातच दांडगी होती तीच पाठशाळेत टिकली आणि बाकीची वर्षा-दोन वर्षांत घरी परतली? वारकरी कीर्तनकारांना शेकडो अभंग मुखोद्गत असतात, हाफिजांना अख्खं कुराण पाठ असतं. त्यांना त्याच यंत्रात झोपवून ताडून पाहिल्याशिवाय हा गुण संस्कृतचा की पाठांतराचा, हे ठरणार कसं? उतारवयातल्या विस्मरणावर याचा काही उपयोग होईल का, हे खुद्द हार्टझेल यांनी पुढे संशोधन व्हायला हवं असा प्रश्न म्हणून मांडलं होतं. आमच्या ग्रुपवर पोचेपर्यंत त्या प्रश्नाचं औषध झालं.

या पेचातून बाहेर कसं पडायचं, हे लंडनच्या टॅक्सीवाल्यांवरच्या कामातून चांगलं कळतं. तिथे काळी टॅक्सी चालवण्याचा परवाना हवा असेल तर शहरातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात. तयारीला तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. लगेच हीच शंका पुढे आली : मोठा झाला, की मुळात होताच? मग त्यांनी आणि कॅथरीन वुलेट यांनी परीक्षेची तयारी नुकतीच सुरू केलेल्या ७९ जणांचे स्कॅन आधीच घेऊन ठेवले आणि काही वर्षं वाट पाहिली. त्यातले ३९ जण उत्तीर्ण झाले. सुरुवातीला सगळ्यांचे हिप्पोकॅम्पस सारखेच होते. शेवटी वाढलेले दिसले ते फक्त उत्तीर्ण झालेल्यांचे. हा निष्कर्ष २०११ साली छापून आला, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ११ वर्षं लागली. मॅग्वायरबाई २०२५च्या जानेवारीत गेल्या. आमच्या क्षेत्रातल्या मुलींना मी त्यांचं नाव आवर्जून सांगते, त्या शोधापेक्षाही त्या वाट पाहण्यासाठी.

आपल्याकडेही असं एक काम झालं आहे, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या, कधी शाळेत न गेलेल्या प्रौढांना, त्यात बहुतेक तिशीतल्या बायका, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर त्यांचे स्कॅन झाले. तेवढ्याच काळाच्या अंतराने न शिकलेल्यांचेही झाले. जर्मनीतली माक्स प्लांक संस्था आणि लखनऊचं बायोमेडिकल संशोधन केंद्र यांच्या या कामाचा निष्कर्ष २०१७ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आला. शिकलेल्यांच्या मेंदूत बदल दिसला तो केवळ वरच्या सालीत नाही, तर खोल आत, थॅलॅमस आणि मेंदूच्या खोडापर्यंत. नजर कुठे वळवायची, कशाकडे लक्ष द्यायचं याच्याशी संबंध असलेले हे भाग. गट लहान होता, तेव्हा शेवटचा शब्द म्हणून हे कुणी घेऊ नये. पण आधी आणि नंतर, शिकलेले आणि न शिकलेले, अशी दुहेरी तुलना त्यात आहे. तिशीत पाटी हातात घेतलेल्या बाईचा मेंदू सहा महिन्यांत नवी जोडणी करतो, ही बातमी आपल्या प्रत्येक प्रौढ साक्षरता वर्गात लावायला हवी होती.

माझ्या यंत्राविषयी थोडं सांगायला हवं, कारण ‘दिसलं’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. यंत्राच्या बोगद्यात चुंबकीय क्षेत्र असतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. हे दीड टेस्लाच्या यंत्रात, तीन टेस्लाच्या यंत्रात त्याच्या दुप्पट. शरीरात पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन आणि त्याचं केंद्रक म्हणजे एक इवलंसं चुंबक. रेडिओलहरींचा धक्का दिला की ही केंद्रकं विचलित होतात आणि पूर्ववत होताना स्वतः क्षीण लहरी सोडतात. त्या लहरी डोक्याभोवतीच्या कॉइलमध्ये टिपायच्या. त्या नेमक्या कुठल्या जागेवरून आल्या हे कळावं म्हणून चुंबकीय क्षेत्र जागोजागी थोडं थोडं बदलायचं, ही युक्ती पॉल लाउटरबर यांची. १९७३ सालचा त्यांचा निबंध ‘नेचर’ने आधी परत पाठवला होता. पुढे २००३ मध्ये त्यांना आणि नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं. पेशंट ज्याला घाबरतात तो धडधड आवाज याच बदलत्या क्षेत्राचा. त्यासाठीच्या वेटोळ्यांतून वीज सुरू-बंद होते तेव्हा ती थरथरतात. बिघाड झालाय असं समजून कितीतरी जण हातातला रबरी फुगा दाबून मला हाक मारतात.

ही झाली मेंदूची रचना. मेंदूचं काम पाहायचं तर आधार घ्यावा लागतो रक्ताचा. प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित ढवळाढवळ करतं, प्राणवायूने भरलेलं करत नाही, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी १९३६ सालीच दाखवलं होतं. त्याचा उपयोग मेंदूसाठी करता येईल हे १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सेइजी ओगावा यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं आणि दोन वर्षांच्या आत माणसांवर ते वापरात आलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त धावून येतं. त्यामुळे तिथला संकेत वाढतो. किती? शंभरात एक-दोन भाग, कधी त्याहूनही कमी. तोही कामानंतर पाच-सहा सेकंदांनी टिपेला पोचतो. तीन मिलिमीटरच्या ज्या चौकोनी कणाचा संकेत आम्ही मोजतो, त्यात लाखो चेतापेशी असतात. मी वाळवा तालुक्यातली, उसाच्या पट्ट्यातली. आमच्याकडे रस्त्यावरून जाताना कुठल्या सरीत पाटाचं पाणी पोचलंय हे लांबून ओळखू येतं. त्यावरून त्या सरीत काय उगवणार आहे आणि मालकाच्या मनात काय आहे, ते कळत नाही. फंक्शनल एमआरआयमध्ये दिसतं ते पोचलेलं पाणी.

यंत्रातून येणारं चित्र नेहमी राखाडीच असतं. लाल-पिवळा रंग नंतर संगणकावर, संख्याशास्त्राच्या हिशोबातून भरतात. अमुक काम करताना आणि ते न करताना या दोन वेळांचे आकडे वजा करायचे आणि फरक योगायोगाने पडण्याइतका किरकोळ नाही असं जिथे वाटेल तिथे रंग द्यायचा. मेंदूचे असे हजारो कण एकाच वेळी तपासले की त्यातले काही निव्वळ योगायोगानेही रंगतात. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि त्या माणसांच्या मनात काय भावना असतील असं रीतसर विचारलं. नेहमीच्या ढिल्या हिशोबाने माशाच्या डोक्यातही लाल ठिपके आले. हिशोब काटेकोर केल्यावर ते नाहीसे झाले. बेनेट यांना यंत्राची बदनामी करायची नव्हती, हिशोबाची शिस्त शिकवायची होती. ती हळूहळू रुजतेही आहे. २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या प्रयोगात १०८ जणांच्या स्कॅनची तीच माहिती ७० संशोधक गटांना दिली गेली. दोन गटांनीही अगदी एकाच पद्धतीने हिशोब केला नाही आणि तपासायला दिलेल्या नऊ विधानांपैकी काहींवर त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. हे शास्त्रज्ञांनी स्वतः शोधून, स्वतः छापलं. माझा या विद्येवरचा विश्वास अशा कामामुळे वाढतो.

तुलना बिघडण्याची एक जागा अशी आहे जी संशोधकांआधी आम्हा तंत्रज्ञांना दिसते. ती म्हणजे हलणारं डोकं. उशीच्या दोन्ही बाजूंना स्पंजचे तुकडे कोंबले, कितीही बजावलं, तरी लहान मूल हलतं, कंपवाताचा पेशंट हलतो, घाबरलेला माणूस मोठा श्वास घेतो आणि मान सरकते. एक-दोन मिलिमीटरने काय होतं? बरंच होतं. हललेल्या डोक्याच्या स्कॅनमध्ये मेंदूची साल असते त्याहून पातळ मोजली जाते. आता एका गटात शांत पडून राहिलेली निरोगी मुलं आणि दुसऱ्या गटात चुळबुळी मुलं घेतली, तर ‘चुळबुळ्या मुलांची साल पातळ’ असा निष्कर्ष निघेल आणि तो मेंदूचा नसेल, हलण्याचा असेल. म्हणून मुलांच्या मेंदूबद्दलची कुठलीही ठळक बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो : मुलं किती हलली आणि त्याचा हिशोब धरला का?

२०१९ साली तर तुलनेचा घोळ अख्ख्या देशावर आला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या मदतीने भारतीय मेंदूचा नकाशा बनवला. शंभर तरुण, निम्मे पुरुष, निम्म्या स्त्रिया. हेतू अतिशय व्यवहाराचा होता. जगभर मेंदूचं मोजमाप ज्या नमुन्याशी ताडून करतात तो कॅनडातल्या माँट्रियलमध्ये, तिकडच्याच माणसांच्या स्कॅनवरून तयार झालेला आहे. भारतीय मेंदू सरासरीने उंची, रुंदी आणि आकारमानात त्यापेक्षा लहान निघतो. म्हणजे आपल्याकडच्या पासष्टीच्या आजींचा मेंदू त्या नमुन्याशी ताडला, तर तो निरोगी असूनही आक्रसलेला वाटू शकतो, किंवा खरोखरच सुरू झालेली झीज किती आहे हे चुकीचं मोजलं जाऊ शकतं. आपल्या माणसांसाठी आपला मापदंड हवा, हा त्या कामाचा गाभा. बातम्यांचे मथळे मात्र ‘भारतीयांचा मेंदू लहान’ असे आले आणि चार दिवस लोक एकमेकांना चिडवत किंवा चिडत राहिले. आकारमानाचा आणि हुशारीचा असा सरळ संबंध नाही. आईनस्टाईन यांचा मेंदू १,२३० ग्रॅमचा भरला होता, सर्वसाधारण पुरुषाच्या मेंदूपेक्षा थोडा हलकाच. ज्या कामाचा अभिमान वाटायला हवा होता, त्याची लाज वाटावी असा मथळा देणं हा त्या संशोधकांवर अन्याय होता.

परक्या मापाने आपली माणसं मोजली की काय होतं, हे मी माझ्या टेबलावर पाहिलं आहे. मेंदूत बोलण्याच्या भागाजवळ गाठ असेल तर शस्त्रक्रियेआधी सर्जन आम्हाला फंक्शनल एमआरआय करायला सांगतात. पेशंटला आत झोपवून काही सेकंद मनातल्या मनात शब्द आठवायला सांगायचे, काही सेकंद स्वस्थ पडू द्यायचं, असं आलटून पालटून. त्यातून बोलण्याचा भाग गाठीपासून किती लांब आहे ते सर्जनला कळतं. यासाठी तयार मिळालेल्या चित्रांत बर्फाचा माणूस होता, भोपळ्याचा कंदील होता, रस्त्याकडेचा आगीचा नळ होता. सोलापूरकडच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या एका बाईंना ही चित्रं दाखवली, तेव्हा त्या नुसत्या पडून राहिल्या. त्यांच्या मेंदूत बोलण्याच्या जागी रंग उमटेना. तो नकाशा तसाच पुढे गेला असता, तर ‘इथे काही नाही’ असा त्याचा अर्थ कुणी लावू शकला असता आणि तिथे सुरी फिरली असती. (शस्त्रक्रियेत पेशंटला जागं ठेवून, बोलतं ठेवून खात्री करण्याची पद्धतही आहे, पण ती सगळीकडे आणि सगळ्यांना शक्य नसते.) आमच्या डॉक्टरांनी चाचणी थांबवली. मग मी माझ्या आवाजात शब्द रेकॉर्ड केले : विळा, जातं, सूप, घागर. विळा ऐकू आला की त्याने काय करतात ते मनात म्हणायचं. बाईंना आधी बाहेर बसवून दोन-तीनदा सराव दिला. ‘एवढंच व्हय?’ म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला नकाशा स्वच्छ आला. बाईंचा मेंदू दोन्ही वेळा तोच होता, आम्ही विचारलेला प्रश्न बदलला होता.

तुलना चोख असेल तर हे यंत्र काय करू शकतं, याचं माझ्या मते सर्वात मोठं उदाहरण केंब्रिजचं आहे. रस्त्यावरच्या अपघातानंतर २३ वर्षांची एक तरुणी कसलाच प्रतिसाद देत नव्हती. डोळे उघडायची, मिटायची, पण तिला भान नाही असं निदान होतं. एड्रियन ओवेन यांनी तिला यंत्रात ठेवून सांगितलं, आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना कर. मग सांगितलं, आपल्या घरातल्या खोल्यांमधून फिरतेयस अशी कल्पना कर. टेनिसच्या वेळी हालचालींचं नियोजन करणारा भाग उजळला, घराच्या वेळी जागांची ओळख ठेवणारा. निरोगी माणसांना हेच सांगितल्यावर जे दिसलं तेच तिच्यात दिसलं. ती ऐकत होती. हे २००६ साली ‘सायन्स’मध्ये आलं. चार वर्षांनी ५४ पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाच जणांना असा प्रतिसाद देता आला आणि त्यातल्या एकाने ‘हो’साठी टेनिस, ‘नाही’साठी घर असं करत विचारलेल्या सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. इथे तुलना त्या माणसाची त्याच्या स्वतःशीच आहे, सांगितल्यावर आणि न सांगता. म्हणून त्या रंगावर विश्वास ठेवता येतो. बेशुद्ध माणसाच्या खाटेजवळ उभं राहून ‘याला काय कळतंय आता’ असं कुणी बोललं की मी त्यांना बाहेर यायला सांगते, ते यामुळे.

याच विद्येच्या नावाखाली न्यायालयात मन वाचायला निघणं मात्र मला धोक्याचं वाटतं. पुण्यातच २००८ साली एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने, इतर पुराव्यांबरोबर, आरोपीच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून केलेल्या चाचणीचा आधार घेत जन्मठेप दिली होती. ते तंत्र एमआरआयचं नव्हतं, मेंदूतल्या विद्युत लहरींचं होतं, पण दावा तोच होता : गुन्ह्याची आठवण यंत्रात दिसते. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला, की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेत टेनेसीमधल्या न्यायालयाने फंक्शनल एमआरआयची खोटं पकडण्याची चाचणी पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. दोन्ही निकाल मला योग्य वाटतात. प्रयोगशाळेत खोटं बोलायला पैसे दिलेला विद्यार्थी आणि फाशीच्या भीतीने घामाघूम झालेला आरोपी यांची तुलना होऊ शकत नाही. शिवाय या यंत्रात नुसती मान हलवली, मनात उलटे आकडे मोजले, तरी चाचणी बिघडते.

आणि ज्यांनी यंत्राला हातही लावलेला नाही, त्यांच्या पत्रकांवर आमची रंगीत चित्रं छापलेली असतात. बोटांचे ठसे द्या, मुलाच्या मेंदूचा उजवा भाग किती टक्के आणि डावा किती टक्के ते सांगतो, कुठली शाखा घ्यायची तेही सांगतो. ठशांवरून हे कळतं याला कसलाही आधार नाही. आईबाप कर्ज काढून, दागिने मोडून शिकवतात मुलांना. त्यांच्या काळजीवर हा धंदा चालतो आणि शाळा त्याला सभागृह देतात, हे थांबलं पाहिजे. मुख्याध्यापकांनी अशा मंडळींना दारातूनच परत पाठवावं.

मग करायचं काय? माणसामाणसांतले स्वभावाचे, बुद्धीचे फरक मेंदूच्या स्कॅनमध्ये शोधायचे तर वीस-पंचवीस माणसं पुरत नाहीत, हजारो लागतात, हे २०२२ सालच्या मोठ्या पाहणीने दाखवून दिलं आहे. ब्रिटनच्या बायोबँकने एक लाख लोकांचे स्कॅन करण्याचं ठरवलं आणि ते तडीस नेलं. तिथले निष्कर्ष उद्या आपल्या डॉक्टरांच्या पुस्तकात येतील आणि त्यांच्याशी ताडून आपल्या आजींचं निदान होईल. ऊसतोडीत वाढलेली मुलं, दोन-तीन भाषा एका वेळी बोलणारी सीमाभागातली माणसं, चाळिशीत अक्षरं गिरवलेल्या बायका, यातलं कुणीही त्या लाखात फारसं नसणार. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एमआरआयसमोर पेशंटांची रांग किती लांब असते हे मला माहीत आहे. ती अडवून संशोधन करा असं मी म्हणणार नाही. पण नवं यंत्र घेताना त्याच मंजुरीत रविवारचे काही तास अभ्यासासाठी आणि त्या तासांसाठी पगारी तंत्रज्ञ, एवढी तरतूद सरकारने करावी. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

संपादकांनाही विनंती आहे. मेंदूच्या अभ्यासाची बातमी छापताना किती माणसं होती, ती कुणाशी ताडली आणि स्कॅन एकदाच झाला की आधी-नंतर, या तीन गोष्टी पहिल्या परिच्छेदात द्या.

आणि वाचकांना. एखाद्या संस्थेने अशा अभ्यासासाठी निरोगी माणूस म्हणून बोलावलं तर जरूर जा. नैतिकता समितीची मंजुरी आहे का ते विचारा, संमतीपत्र पूर्ण वाचा, मध्येच उठून यायचा हक्क आहे याची खात्री करून घ्या. यात क्ष-किरण नसतात. चुंबक मात्र कधीही बंद नसतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेल्याने एका तरुणाचा जीव गेला. पेसमेकर, कानातलं रोपण, जुन्या शस्त्रक्रियेतली क्लिप, लेथवर काम करताना कधीकाळी डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, सगळं आधी सांगा, लाजू नका. मंगळसूत्र, जोडवी, ब्लाउजची पिन, केसांतल्या क्लिपा बाहेर काढून ठेवा, आणि आत गेल्यावर डोकं हलवू नका.